साय

रामबागेतल्या आमच्या बालवर्गात
कप अकरा, आया चौदा.
म्हणून मुलांना सांगितलं, घरून एकेक कप आणा,
आईला न सांगता.
अन्वयनं बिनकानाचा आणला,
ऋजुतानं बाबांचा दाढीचा ब्रश असतो तो,
आणि कुशाग्र चौरसिया, ज्याला मराठी
"बाई, शू" एवढंच येतं,
त्यानं पेपरात गुंडाळून आणली
सोनेरी काठाची एक बशी.
कप?
"कप तो टूट गया, बाई."
बशी तर बशी. मांडली.

शनिवारी सतरंजी घातली.
पोह्यांवर जीरावन भुरभुरायचं काम ओवीकडे.
तिला वाटलं रांगोळीच आहे,
एका ताटलीत तिनं अख्खा सूर्य काढला.
आलं निषादनं ठेचलं,
खलात कमी, खलाबाहेर जास्त.
चहा मात्र मीच केला.
गॅसपासून लांब खडूची रेघ ओढली
तर सगळ्यांचे अंगठे बरोब्बर रेघेवर,
जणू पलीकडे सिरपूरचा तलाव.

आया आल्या, बसल्या,
आणि बसल्या बसल्या उठल्या.
एकीनं झाडू शोधला,
एकीनं सांडलेले पोहे ओढणीत गोळा केले,
रेगेबाई तर माझ्या हातची गाळणीच धरून,
"द्या हो, तुम्ही बसा."
तेवढ्यात ओवी, कमरेवर हात:
"ए आया लोक! खाली बसा बरं आधी!"
आवाज ओळखीचा वाटला.
वर्गात तो माझा असतो.

मग निघाली वरात.
दोन हातांत एक कप, जीभ बाहेर,
डोळे चहावर, पायाखाली काय ते देव जाणे.
निम्मा चहा सतरंजी प्यायली.
कुशाग्रची आई बशीतून प्यायली, फुर्र करून,
मग लाजली,
मग परत फुर्र.

स्पंदनचा कप आलाच नाही.
त्याची आई एमवायची नाइट करून थेट आलेली,
भिंतीला टेकून,
मांडीवर दोन्ही तळहात उताणे.
तो खिडकीच्या कट्ट्यापाशी.
फुंकर, मग बोट बुडवून बघणं, मग फुंकर.
"अरे, दे की आता. निवला."
"थांबा ना बाई, साय नाही आली अजून."
"साय कशाला?"
"आईला तसाच आवडतो.
रोज ती करते आणि ओट्यावर ठेवते,
मग माझा डबा, बाबांचा डबा, आजीचं औषध,
मग तो एकदम थंड झाला की
बोटानं साय काढते, अशी,
आणि एका दमात."

मी खिडकी लोटली, उगाच.
परत उघडली.

साय आली.
तो घेऊन गेला, थेंबही न सांडता.
तिनं कपात पाहिलं,
त्याच्याकडे पाहिलं,
मग माझ्याकडे, मी बघतेय का ते.
मी पातेलं घासायला घेतलं.
"आवडला?"
"हो रे. अगदी माझ्या हातचा."

सोमवारी ती दारात थांबली, घाईत,
केसांना ओलं फडकं तसंच.
"काल मी मुद्दाम गरम प्यायले, बाई,
त्याच्यासमोर बसून. डबे तसेच ठेवून."
"मग?"
"मग काय. रडायला लागला.
म्हणे, हा बाबांचा आहे, तुझा नाही,
तुझा अजून व्हायचाय."
हसली.
"आज परत प्यायले. उद्याही पिणार.
होईल त्याला सवय."
फाटकापर्यंत गेली, तिथून वळून,
"जीभ भाजली हो पण!"
असं सांगितलं तिनं मला,
नवी साडी घेतल्याचं सांगावं तसं.